'सुहैली' व 'थुरिया' : एका तक्रारीचा निवाडा

गोव्याच्या कदंब राजांचा इसवी सन 1059 चा एक ताम्रपट पहिल्या जयकेशीच्या कारकिर्दीतला आहे. जयकेशीचा पूर्वज गुहल्लदेव सोमनाथाच्या यात्रेस समुद्रमार्गे निघाला असता वाटेत त्याच्या जहाजाची डोलकाठी मोडली, जहाज कसेबसे गोपकपट्टणाच्या बंदरास लागले, आणि तेथील एक धनाढ्य मुसलमान व्यापारी राजाच्या मदतीस धावून आला, अशी हकीकत त्यात आली आहे. पुढे त्या व्यापाऱ्याच्या नातवाकडे जयकेशीने कारभार सोपविला. समुद्रगमन हे आपल्या लोकांस सर्वकाळ निषिद्धच होते असे जे सरसकट सांगण्यात येते, त्यांनी हा ताम्रपट एकवार डोळ्यांखालून घालावा. देवदर्शनास निघालेला राजा तारवात बसला, डोलकाठी मोडली, आणि परक्याच्या हाताने वाचला. एवढे तीनच मुद्दे आम्हांस आजच्या विषयासाठी हवे आहेत.

हा ताम्रपट आठवण्यास कारण घडले ते असे. एका उत्सवाच्या दिवशी महाप्रसाद आटोपून आम्ही मंडळी देवळाच्या अग्रशाळेत पान खात बसलो होतो. बोलता बोलता शिडाच्या नौकांचा विषय निघाला. आमच्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "वकीलबाब, सरळ हिशेब पाहा. त्या इंग्रजाची नौका मुंबईच्या सुतारांनी बांधली, ती पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आली. तिचीच नक्कल पन्नास वर्षांनी आमच्या गोव्यात बांधली, ती भर समुद्रात मोडली. मग आमच्या कारागिरीचे काय म्हणावयाचे?" त्यावर दोघा-तिघांनी मान डोलावली. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. पुरावा हाताशी नसताना बचावाचे भाषण करणे आमच्या धंद्यास शोभत नाही. परंतु आरोप गंभीर होता. ज्यांच्यावर तो केला गेला ते कारागीर तेथे उपस्थित नव्हते, म्हणून त्यांचे वकीलपत्र आम्ही आपण होऊन घेतले. त्या दिवसापासून जे वाचले, ताडून पाहिले, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम घटनास्थळ पाहू. दक्षिण गोलार्धात चाळीस ते साठ अक्षांशांच्या पट्ट्यात पृथ्वीभोवती समुद्राचा एक अखंड कडा आहे. दक्षिण अमेरिकेचे शेपूट आणि एखाददुसरे बेट वगळले तर वाऱ्यास अडविणारी जमीनच तेथे नाही. पश्चिमेचा वारा वर्षाचे बारा महिने एकाच दिशेने घोंघावत असतो आणि त्याच्या मागोमाग लाटा हजारो मैल वाढत जातात. त्या पट्ट्याच्या चाळीस ते पन्नास अक्षांशांमधील भागाला खलाशी 'गर्जणारी चाळिशी' म्हणतात. आमच्या किनाऱ्यावर आषाढात जो समुद्र उठतो तो भयंकर खराच, पण त्या दिवसांत आमचा नाखवा होडी वाळूवर ओढून घेतो आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतो. दक्षिणेकडे नारळी पौर्णिमा नाही. एकदा त्या पट्ट्यात शिरले की महिनोनमहिने बंदराचे नाव घ्यावयाचे नाही.

अशा ठिकाणी तीस-बत्तीस फुटांच्या नौकेची अवस्था काय होते? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरचा दाब चौपट होतो. म्हणून पहिले काम शीड उतरविण्याचे. मोठे शीड आखडायचे, मग पुरते गुंडाळायचे, आणि शेवटी रुमालाएवढे तुफानी शीड नाळेकडे ठेवायचे, किंवा तेही नाही. परंतु वारा हा खरा शत्रू नव्हेच. नौकेचा वेग सात नॉट, म्हणजे तासाला सात सागरी मैल. मागून येणाऱ्या मोठ्या लाटेचा वेग त्याच्या तिप्पट-चौपट. लाट मोठी असली तरी तिचा उतार सौम्य असेल तर नौका चेंडूसारखी वर चढते आणि मागच्या बाजूस उतरते. लाटेचा माथा फुटून कोसळू लागला की मात्र प्रकरण निराळे होते. तेव्हा नौका लाटेच्या उतारावरून घसरत सुटते. नाळ खालच्या पाण्यात रुतली तर मागचा भाग डोक्यावरून पलटतो. नाळ जराशी वळली तर नौका लाटेपुढे आडवी सापडते आणि ओंडक्यासारखी लोळविली जाते. डोलकाठ्या मोडतात त्या बहुधा अशा लोळण्यात. वाऱ्याने मोडल्या असे किनाऱ्यावरचे लोक म्हणतात, पण पुष्कळदा त्या पाण्याने मोडलेल्या असतात.

आता पहिली बहीण, 'सुहैली'. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. 1963-64 च्या सुमारास मुंबईत त्याने आपली नौका बांधून घेतली. लाकूड सागवानाचे, लांबी बत्तीस फूट, आणि हत्यारे म्हणजे आपल्या सुतारांचा वाकस आणि कमानीने फिरवायचा सामता. नारळ फोडून ती पाण्यात ढकलली गेली. नावाचे मूळ मोठे गमतीचे आहे. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्यास सुहैली म्हणतात, आणि सुहैल हे त्यांचे अगस्त्य ताऱ्याचे नाव. पावसाळा ओसरू लागला की पहाटे दक्षिणेस जो तेजस्वी तारा उगवतो, ज्याने समुद्र प्राशन केला म्हणून पुराणे सांगतात, तोच हा. आमच्या गोव्यातून तो दक्षिण क्षितिजाच्या थोडासाच वर दिसतो. गर्जणाऱ्या चाळिशीत तो जवळजवळ माथ्यावर येतो. मुंबईत बांधलेल्या नौकेस ह्याहून चांगले नाव मुद्दाम शोधूनही सापडले नसते.

नौकेचा नकाशा मात्र आमचा नव्हे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तो अमेरिकन नौकारचनाकार विल्यम ॲटकिन याचा. नौकेच्या ह्या घाटाचे नाव 'एरिक'. ॲटकिननेही तो आधार घेतला नॉर्वेच्या कॉलिन आर्चरकडून. आर्चरच्या हातची मच्छीमारांच्या बचावासाठी बांधलेली पहिली नौका 1893 ची. हिवाळी तुफानात मच्छीमारांच्या होड्या संकटात सापडल्या म्हणजे ह्या बचावनौका बंदरातून बाहेर पडत. त्यांचे वैशिष्ट्य असे की मागची बाजू नाळेसारखीच टोकदार असते. मागून येणारी लाट सपाट फळीवर आदळण्याऐवजी त्या टोकाने दुभंगते. तळकणा नाळेपासून सुकाणूपर्यंत सलग, म्हणून नौका सरळ चालते. वेग मात्र बेताचाच. 1968 साली नॉक्स-जॉन्स्टनची इच्छा पोलादी, मोठी, नव्या घाटाची नौका बांधण्याची होती. पैसा उभा राहिला नाही, म्हणून 'सुहैली'ला घेऊन तो निघाला. न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या त्या शर्यतीत नऊजण उतरले होते. त्यांतला एकच परत पोहोचला, आणि तो हाच. 14 जून 1968 रोजी तो इंग्लंडातील फालमथहून निघाला आणि 22 एप्रिल 1969 रोजी तेथेच परतला.

येथवरची कथा अग्रशाळेतल्या गृहस्थांना ठाऊक होती. त्यांना ठाऊक नव्हते ते पुढीलप्रमाणे.

अटलांटिक महासागरातच 'सुहैली' गळू लागली होती. तळकण्यालगतच्या फळीचा सांधा सुटला होता. नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरला, श्वास रोखून बुडी मारून सांध्यात कापूस ठोसू लागला. तो टिकेना, तेव्हा कॅनव्हासची पट्टी शिवून तांब्याच्या चुका ठोकल्या आणि वरून तांब्याचा पत्रा बसविला. मध्ये एक शार्क घिरट्या घालू लागला, त्यास बंदुकीने मारून मग पुन्हा काम चालू. म्हणजे मुंबईच्या सुतारांची नौका निर्दोष होती म्हणून परत आली हे म्हणणे पुराव्यास धरून नाही. तिचा दोष समुद्रातल्या समुद्रात दुरुस्त करता येण्याजोगा होता, आणि तो दुरुस्त करणारा माणूस तिच्यावर होता, असे म्हणणे खरे. लाकडी नौकेची ही खुबीच आहे. पोलादाच्या सांध्यात कापूस ठोसता येत नाही.

दुसरी गोष्ट 5 सप्टेंबर 1968 ची. चाळिशीत शिरून दोनच दिवस झाले होते. तुफानात एका लाटेने 'सुहैली'ला आडवे पाडले. नॉक्स-जॉन्स्टन त्या वेळी खाली निजला होता. नौका उठली, पण वरची केबिन हादरून तिच्या कडांना भेगा पडल्या. अशीच दुसरी लाट आली तर केबिन उडून जाईल आणि मोकळ्या भोकातून नौका भरेल, ही त्यास भीती. पुढे पिण्याच्या पाण्याच्या टाकीतले पाणीही नासलेले निघाले. उरलेला प्रवास बव्हंशी पावसाच्या पाण्यावर झाला. वाऱ्यावर चालणारी सुकाणूची यंत्रणा ऑस्ट्रेलिया गाठेपर्यंत कामातून गेली. डोलकाठ्या उभ्या राहिल्या, हे खरे. पण त्या क्षणी लाट आणखी चार हात उंच असती तर राहिल्या असत्या का, ह्या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या सुतारांपाशी नव्हते.

ह्या आघातानंतर त्याने एक उपाय पक्का केला. मोठ्या समुद्रात मागच्या टोकापासून शेकडो फूट लांबीचे जाड चऱ्हाट पाण्यात सोडायचे. त्याची दोन्ही टोके नौकेस बांधलेली, मधला वेढा मागे तरंगत राहतो. नाळेकडे लहानसे तुफानी शीड मधोमध घट्ट ओढून बांधलेले. चऱ्हाट मागून धरून ठेवते, शीड पुढून सरळ ठेवते. वेग घटतो, नौका लाटेकडे टोकदार पाठ करून राहते आणि लाटा दुभंगून जातात. एवढे झाले की नॉक्स-जॉन्स्टन खाली जाऊन झोपत असे. तुफानात झोप लागणे हा त्या उपायाचा सर्वांत मोठा पुरावा असे आम्ही समजतो. आमचे कोकणी खलाशी वादळात नांगराचे दोर किंवा जाळी पाण्यात सोडून देत, असे आम्ही लहानपणी म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. त्यामुळे ही युक्ती वाचताना परकी वाटली नाही.

पण उलटतपासणी केल्यावाचून साक्ष मानू नये. अर्जेंटिनाचा व्हितो दुमास हा 1942-43 साली, महायुद्ध चालू असता, सुमारे एकतीस फुटांच्या 'लेग दुसरी' नावाच्या नौकेतून एकटा ह्याच दक्षिण समुद्रातून पृथ्वीभोवती गेला. केपटाउन, वेलिंग्टन, वाल्परायसो एवढेच त्याचे मुख्य थांबे. त्याची नौकाही दोन्ही टोकांस निमुळतीच. पण तो म्हणे, दोर सोडू नका, शीड ठेवा, आणि लाटेच्या पुढे पळा. फ्रेंच नाविक बर्नार मोआतेसिए 1965-66 च्या हिवाळ्यात पत्नीसह ताहितीहून केप हॉर्नला वळसा घालून स्पेनकडे जात होता. त्याने प्रथम चऱ्हाटे सोडली. नौका जखडल्यासारखी झाली, लाटा डेकवर चढू लागल्या. शेवटी दुमासचे वचन आठवून त्याने सुरीने दोर कापून टाकले आणि लाट थोडी तिरपी, पंधरा-वीस अंशांतून अंगावर घेत नौका पळविली. ती वाचली. त्याची नौका पोलादी आणि एकोणचाळीस फुटांची, हा फरक विसरता कामा नये. तोच मोआतेसिए 1968 च्या शर्यतीत नॉक्स-जॉन्स्टनचा सर्वांत बलवान प्रतिस्पर्धी होता. केप हॉर्न ओलांडल्यावर घरी परतण्याऐवजी तो पुन्हा पूर्वेकडे वळला आणि बक्षीस सोडून ताहितीस जाऊन राहिला. हा वैराग्याचा प्रकार आमच्या वाचकांस कदाचित अधिक समजेल. आम्हांस त्यात थोडी हट्टाची छटाही दिसते.

तेव्हा तिघे साक्षीदार, दोन परस्परविरुद्ध मते, आणि तिघेही जिवंत परतलेले. जे परतले नाहीत त्यांची साक्ष घेता येत नाही. खलाशांच्या वाङ्मयातील हा मोठाच दोष आहे. जो वाचतो तो आपला उपाय हाच तारक असे लिहितो. ह्या कोड्यातून बाहेर काढणारा पुरावा पुढे एका दुर्घटनेतून आला. ऑगस्ट 1979 मध्ये इंग्लंड-आयर्लंडमधील फास्टनेट शर्यतीत 303 नौका निघाल्या आणि तुफानात सापडल्या. 15 स्पर्धक मरण पावले. 24 नौका खलाशांनी सोडून दिल्या. पैकी बुडाल्या पाचच, बाकीच्या 19 पुढे तरंगताना सापडल्या. ह्या आकड्यांकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. काहीजण नौका सोडून रबरी तराफ्यावर गेले आणि तराफ्यावरच प्राणास मुकले. त्यांची नौका मात्र मागे तशीच डोलत होती.

त्यानंतर साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी पाण्याच्या हौदात लहान प्रतिकृती ठेवून त्यांवर फुटत्या लाटा सोडल्या. निष्कर्ष असा निघाला की लाटेपुढे आडवी सापडलेली नौका, फुटती लाट तिच्या लांबीच्या सुमारे तीस टक्के उंचीची असेल तर उलटू शकते. साठ टक्क्यांची असेल तर कोणत्याही घाटाची नौका उलटते. घाट, वजन, तळकणा ह्यांनी मधल्या प्रदेशात फरक पडतो. साठ टक्क्यांपलीकडे कारागिराचे काही चालत नाही. बत्तीस फुटांची नौका म्हणजे पावणेदहा मीटर. तिच्या साठ टक्के म्हणजे सहा मीटरांच्या आत. हा आकडा ध्यानात ठेवून आता दुसऱ्या बहिणीकडे वळू.

'थुरिया' ही 'सुहैली'च्याच नकाशावरून गोव्यात, रत्नाकर दांडेकर ह्यांच्या ॲक्वेरियस नौकाकारखान्यात बांधली गेली. 1968 च्या शर्यतीचे अर्धशतक म्हणून 2018 साली जुन्या पद्धतीची शर्यत ठरली होती. उपग्रहावरून मार्ग दाखविणारी यंत्रे वापरावयाची नाहीत, ताऱ्यांवरून जागा काढावयाची, नौकेचा तळकणा लांब आणि घाट जुना. 1 जुलै 2018 रोजी फ्रान्समधील ले साब्ल द'ओलोनहून भारतीय आरमाराचे कमांडर अभिलाष टॉमी 'थुरिया' घेऊन निघाले. सप्टेंबरमध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर होते. 21 सप्टेंबर रोजी, ऑस्ट्रेलियाच्या पर्थ बंदरापासून पश्चिमेस सुमारे एकोणीसशे सागरी मैलांवर, तुफानाने त्यांना गाठले. वारा सत्तर नॉट, म्हणजे ताशी सुमारे 130 किलोमीटर. लाटा चौदा मीटर.

चौदा मीटर आणि सहा मीटर. फुटणारा भाग लाटेच्या पूर्ण उंचीएवढा नसतो हे आम्ही जाणतो. तरीही ह्या दोन आकड्यांमधील अंतर एवढे आहे की कारागिरास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यापूर्वी कोणत्याही न्यायाधीशाने थबकावे.

'थुरिया' लोळविली गेली. डोलकाठ्या मोडल्या. टॉमी उंचावरून खाली आपटले आणि त्यांच्या पाठीचा कणा दुखावला. आपण लोळलो आहोत, काठी गेली आहे, पाठीस जबर इजा आहे, उठता येत नाही, एवढाच मजकूर त्यांनी तुटक शब्दांत कळविला. नौका मात्र बुडाली नाही. तीन दिवस त्या समुद्रात काठीवाचून, धन्याच्या हालचालीवाचून ती तरंगत राहिली आणि आपल्या माणसाला आत धरून राहिली. कारागिरांच्या बाजूने आम्ही सादर करीत असलेला पहिला मुद्दा हा. डोलकाठी मोडणे आणि सांगाडा फुटणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली, दुसरी झाली नाही.

दुसरा मुद्दा त्याच तुफानातला. टॉमींच्या जवळपास आणखी दोन नौका होत्या. आयर्लंडचे ग्रेगर मगकिन ह्यांची छत्तीस फुटी नौका. तीही लोळली, तिच्याही दोन्ही डोलकाठ्या गेल्या. मगकिन ह्यांनी तशाही स्थितीत तात्पुरते शीड उभारून टॉमींच्या दिशेने जाण्याचा प्रयत्न केला, हे विसरता येणार नाही. हॉलंडचे मार्क स्लाट्स ह्यांची नौका दोनदा आडवी पडली, पण काठी राखून पुढे गेली आणि शेवटी दुसरी आली. मगकिनांची नौका गोव्यात बांधलेली नव्हती. एकाच तुफानात तीन निरनिराळ्या देशांच्या नौका, आणि तीन निकाल.

तिसरा मुद्दा निर्णायक आहे असे आमचे मत आहे. स्लाट्स ह्यांची नौका इंग्लंडात बांधल्या जाणाऱ्या 'रस्लर 36' घाटाची. त्याच शर्यतीत पहिले आलेले फ्रेंच ज्याँ-लुक व्हान देन हेद ह्यांची नौकाही 'रस्लर 36'. आणि 5 डिसेंबर 2018 रोजी केप हॉर्नच्या पश्चिमेस सुमारे दोन हजार मैलांवर जी नौका मागून उलथून डोक्यावर आपटली आणि काठीवाचून पडली, ती सुझी गुडॉल ह्यांची नौकासुद्धा 'रस्लर 36'च. गुडॉल ह्यांनी मागे वेग रोखणारा दोर सोडला होता. तो तुटला, आणि तुटताच नौका घसरली. व्हान देन हेद हेही नोव्हेंबरात आडवे पडले होते, डोलकाठीची बांधणी ढिली झाली होती, ती त्यांनी वर चढून आवळली आणि उरलेला मार्ग सांभाळून काढला. एकच नकाशा, एकच घाट. एक विजयी, एक दुसरी, एक मोडलेली. मग नौका मोडली ह्या एकाच गोष्टीवरून बांधणाऱ्यास दोषी ठरविता येईल काय? इंग्लंडातल्या कारखान्यास जो न्याय तोच गोव्यातल्या कारखान्यास लागू करावा, एवढेच आमचे मागणे आहे.

ह्या कारखान्याचा पूर्वेतिहासही न्यायालयापुढे ठेवणे आवश्यक आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी ह्या मराठी माणसाच्या मनात भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना होती. त्यासाठी दांडेकरांनी दिवाडी बेटावर छप्पन्न फुटांची नौका बांधली आणि फेब्रुवारी 2009 मध्ये आरमाराच्या हवाली केली. तिचे नाव 'म्हादेई'. आमची मांडवी वरच्या अंगास ज्या नावाने वाहते तेच हे. दिलीप दोंदे ह्यांनी, ज्यांनी नॉक्स-जॉन्स्टन ह्यांच्याकडे काही काळ उमेदवारी केली होती, 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबई सोडली आणि चार थांबे घेऊन 19 मे 2010 रोजी ते परतले. त्याच 'म्हादेई'वर टॉमींनी 1 नोव्हेंबर 2012 रोजी निघून 31 मार्च 2013 रोजी कोठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली. तिची बहीण 'तारिणी', ओडिशातील तारा-तारिणीच्या नावाची, सहा महिला अधिकाऱ्यांनी वर्तिका जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर 2017 ते मे 2018 ह्या काळात पृथ्वीभोवती नेली. पॅसिफिकमध्ये तिने साठ नॉटांहून अधिक वारा आणि सात मीटरांपर्यंतच्या लाटा सोसल्या. तीच 'तारिणी' घेऊन 2 ऑक्टोबर 2024 रोजी दिलना व रूपा ह्या दोघीच अधिकारी गोव्याहून निघाल्या आणि 29 मे 2025 रोजी गोव्यासच परतल्या.

विरुद्ध पक्ष येथे म्हणेल की छप्पन्न फुटांची नौका ही बत्तीस फुटांच्या नौकेची साक्षीदार होऊ शकत नाही. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. लांबी सतरा मीटर झाली की साठ टक्क्यांचा तो आकडा दहा मीटरांवर जातो, आणि समुद्रात चार मीटरांचा फरक हा जन्ममृत्यूचा फरक असतो. पण फळी, सांधा, तळकणा ह्यांवरचे हात तेच आहेत, आणि त्या हातांची कसोटी दक्षिण समुद्रात एकदा नव्हे, अनेकदा लागली आहे.

मग 'सुहैली' का परतली? आमच्या मते कारणे मिश्र आहेत. तिचा घाट उत्तम होता. लाकूड सागवान होते आणि दुरुस्तीस हाताशी येणारे होते. चऱ्हाटाची युक्ती तिच्या हळू, जड, टोकदार पाठीस साजेशी होती; तीच युक्ती मोआतेसिएच्या नौकेस घातक ठरू पाहत होती, हे आपण पाहिलेच. आणि सरतेशेवटी, जी लाट तिच्या वाट्यास आली ती तिला आडवे पाडण्याइतकी होती, लोळविण्याइतकी नव्हती. ह्या शेवटच्या कारणास आमचे लोक दैव म्हणतात. साउथॅम्प्टनचे तज्ज्ञ त्यासच लाटेच्या उंचीचे प्रमाण म्हणतील.

टॉमींच्या सुटकेची हकीकत थोडक्यात सांगून आम्ही आमची बाजू पुरी करतो. शोधाची सूत्रे ऑस्ट्रेलियातून हलत होती. भारतीय आरमाराच्या विमानाने त्यांची नौका वरून शोधून काढली. पण सर्वांत आधी जे जहाज पोहोचले ते फ्रान्सचे 'ओसिरिस', मासेमारीवर देखरेख ठेवणारे गस्ती जहाज. 24 सप्टेंबर रोजी त्याच्या खलाशांनी लहान बोटीतून जाऊन टॉमींना स्ट्रेचरवर घेतले आणि ॲम्स्टरडॅम नावाच्या चिमुकल्या फ्रेंच बेटावर नेले. मगकिन ह्यांनाही त्याच जहाजाने उचलले. 'थुरिया' तशीच समुद्रावर सोडावी लागली. पुढे भारतीय आरमाराचे 'सातपुडा' जहाज त्या बेटावरून टॉमींना घेऊन विशाखापट्टणमला आले. त्यांच्या कण्यात धातूची सळई घालावी लागली. गुहल्लदेवास गोपकपट्टणाच्या व्यापाऱ्याने जे दिले तेच ह्या फ्रेंच खलाशांनी दिले, आणि ताम्रपट कोरण्याची प्रथा आता राहिलेली नाही म्हणून हे येथे लिहून ठेवले.

त्यानंतर चार वर्षांनी टॉमी पुन्हा त्याच शर्यतीत उतरले. ह्या वेळी नौका गोव्यात बांधलेली नव्हती, 'रस्लर 36' घाटाची होती. एप्रिल 2023 मध्ये ते दुसरे आले. पहिल्या आल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर. त्या शर्यतीत नोव्हेंबर 2022 मध्ये हिंदी महासागरात फिनलंडच्या तापियो लेहतिनेन ह्यांची नौका अकस्मात बुडाली आणि ते तराफ्यावर एकटे तरंगत राहिले. मदतीसाठी जवळच्या दोघा स्पर्धकांना संदेश गेला. नॉयशेफर आधी पोहोचल्या आणि त्यांनी लेहतिनेन ह्यांना वर घेतले. दुसरे, ज्यांनी आपली नौका शर्यतीचा मार्ग सोडून त्या दिशेने वळविली होती, ते अभिलाष टॉमी होते.